लाट चढत होती आणि मास्क उतरला: ब्रॉडवे, २०२१-२२

१ जुलै २०२२ हा शुक्रवार होता. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक पाहायला आलेल्या प्रेक्षकांना दारात मास्कबद्दल कोणी विचारलं नाही. अकरा महिने चाललेली सक्ती आदल्या रात्री संपली होती. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नव्या संसर्गांपैकी निम्म्याहून अधिक बीए.५ या ओमायक्रॉनच्या नव्या उपप्रकाराचे होते. रुग्ण वाढत होते आणि मास्क निघाला होता.

लाटेत नाट्यगृहातल्या प्रेक्षकांनी मास्क लावावा का, हा प्रश्न बहुतेक वेळा स्वातंत्र्य की सुरक्षितता अशा भांडणात अडकतो. ब्रॉडवेचं प्रकरण त्यातून बाहेर काढतं, कारण तिथे सक्ती होती, ती राबवणारी माणसं होती, मध्ये दोन मोठ्या लाटा येऊन गेल्या आणि नियम कोणत्या दिवशी सुरू झाला, कोणत्या दिवशी संपला हे नोंदलेलं आहे. आमचं मत आधीच सांगतो: लाटेत प्रेक्षकांनी मास्क लावावा, तो सक्तीचाच असावा, आणि त्याची दोरी कॅलेंडरला न बांधता लाटेला बांधावी. ब्रॉडवेने पहिल्या दोन गोष्टी नीट केल्या आणि तिसरी चुकवली.

नियम कसा आला

ब्रॉडवे म्हणजे मॅनहॅटनमधली ५०० किंवा अधिक आसनांची ४१ नाट्यगृहं. सर्वांत लहान सुमारे ६०० आसनांचं, सर्वांत मोठं १९०० च्या वर. १२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता राज्य सरकारच्या आदेशाने ती सगळी बंद झाली. जून २०२१ च्या अखेरीपासून एखाददुसरा प्रयोग सुरू झाला, पण खरी सुरुवात १४ सप्टेंबर २०२१ ची. त्या संध्याकाळी ‘हॅमिल्टन’, ‘द लायन किंग’, ‘विकेड’ आणि ‘शिकागो’ एकाच दिवशी पुन्हा उभी राहिली.

त्याआधी, ३० जुलै २०२१ रोजी, नाट्यगृहांचे मालक आणि निर्माते यांच्या ‘ब्रॉडवे लीग’ या संघटनेने नियम जाहीर केला होता. प्रेक्षक, कलाकार आणि कर्मचारी, सगळ्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं हवं. बारा वर्षांखालची मुलं आणि ज्यांना लस घेता येत नाही त्यांनी प्रयोगाआधी ७२ तासांच्या आतली पीसीआर किंवा ६ तासांच्या आतली अँटिजेन चाचणी दाखवायची. प्रेक्षकांनी आत असेपर्यंत मास्क लावायचा, फक्त ठरवून दिलेल्या जागी खाता-पिताना तो काढता येईल.

सुरुवातीला शहर आणि राज्य सरकारचेही नियम होते, पण राज्याचा मास्कचा नियम १० फेब्रुवारी २०२२ ला आणि शहराचा लसपत्राचा नियम ७ मार्च २०२२ ला संपला. त्यानंतरचे जवळजवळ चार महिने प्रेक्षकांनी मास्क लावला तो नाट्यगृहाच्या स्वतःच्या अटीवर. तिकीट विकणाऱ्याने घातलेली अट होती ती. ‘सरकारने सक्ती केली तरच लोक ऐकतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे चार महिने नीट पाहावेत. उपाहारगृहांत आणि दुकानांत मास्क दिसेनासा झाला होता, नाट्यगृहात मात्र हजार माणसं अडीच तास मास्क लावून बसत होती.

हवेचा हिशेब

मास्कचा उपयोग किती, हे कळायला आधी नाट्यगृहातल्या हवेकडे पाहावं लागतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो, माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम. स्वस्थ बसलेल्या एका माणसामागे दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली तर प्रेक्षागृहातलं प्रमाण ९२० च्या आसपास स्थिरावतं. हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे साडेचार लिटर मिळाली, तर ते १५०० च्या पुढे जातं. १५०० म्हणजे काय? तुम्ही घेतलेल्या हवेचा पावणेतीन टक्के भाग आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. दर ३७ श्वासांमागे एक अख्खा श्वास दुसऱ्याचा.

आता लाट आणि शांतता यांतला फरक पाहू. हजार आसनांचं नाट्यगृह भरलेलं आहे. शहरात हजारी एक माणूस संसर्गित असेल तर सभागृहात असा एक जण असेल, किंवा नसेलही. शहरात पन्नासात एक असेल तर सभागृहात वीस जण. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या यादृच्छिक चाचण्यांनुसार डिसेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमध्ये पंधरापैकी एक जण संसर्गित होता. म्हणजे हजारात सुमारे सदुसष्ट. ज्यांना लक्षणं होती ते घरी थांबले असं धरून निम्मे वजा केले तरी तीसहून अधिक जण आत बसलेले असणार, आणि त्यांपैकी कोणाच्याच कपाळावर ते लिहिलेलं नसतं.

समजा मास्क सामान्य आहे, कडेने हवा सुटते आणि तो निम्मेच कण अडवतो. तरी वीस बाधितांच्या उच्छ्वासातून हवेत जाणारा विषाणू दहा जणांइतका होतो. शेजारच्याने तसाच मास्क लावला असेल तर त्याच्यापर्यंत पाच जणांइतका पोचतो. साधा सर्जिकल मास्क आणि दोन्हीकडून वापर एवढ्यावर चौथाई. चांगला बसलेला एन-९५ याहून कितीतरी पुढे जातो. तो सर्वांत अवघड आकाराचे, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे, किमान ९५ टक्के कण अडवतो, मात्र चेहऱ्याला कडेने चिकटला तरच.

हाच हिशेब शांत काळात मांडला तर एका बाधिताचा अर्धा होतो. फायदा खरा असतो, पण इतका बारीक की त्यासाठी हजार माणसांना रोज मास्क लावायला सांगणं आम्हाला पटत नाही. म्हणून नियम लाटेपुरता हवा, आणि लाटेत तो पूर्ण हवा.

‘ज्याला हवा त्याने लावावा’ इथे का अडतं

ऐच्छिक मास्कच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा असा: चांगला एन-९५ लावणारा माणूस स्वतःचं रक्षण करू शकतो, मग शेजारच्यावर सक्ती कशाला? कार्यालयात, विमानात किंवा दुकानात हा युक्तिवाद बराच टिकतो. नाट्यगृहात तो पहिल्या रांगेपाशी येऊन थांबतो, कारण समोर उभा असलेला नट मास्क लावूच शकत नाही. तो बोलतो, गातो, ओरडतो, दोन वाक्यांच्या मध्ये खोल श्वास घेतो. समोरच्या खड्ड्यात बसलेले बासरी-ट्रम्पेट वाजवणारेही मास्क लावू शकत नाहीत. एखाद्या बंद जागेत एकाच्या आवाजामागे किती कण जातात याचं अतिशय दुःखद उदाहरण मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली इथल्या गायकवृंदाने दाखवून दिलं होतं. अडीच तासांची तालीम, ६१ गायक, त्यांपैकी ५३ आजारी आणि दोघांचा मृत्यू.

शिवाय प्रेक्षक एक प्रयोग पाहतो आणि घरी जातो. ब्रॉडवेवरचा नट आठवड्याला आठ प्रयोग करतो. आसनं दाखवणारे कर्मचारीही तेवढेच प्रयोग सभागृहात उभे असतात. प्रेक्षकाने एकदा पत्करलेला धोका त्यांच्या वाट्याला आठ वेळा येतो, आणि त्यांना तो नाकारण्याची सोय नसते. म्हणूनच ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ ही नटांची संघटना मास्कच्या बाजूने ठाम होती. नाट्यगृहातल्या कामगारांच्या बाजूने पाहिलं की हा प्रश्न कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा होतो. बांधकामावर जाणाऱ्या पाहुण्याला हेल्मेट घालायला सांगतात तेव्हा कोणी त्याला मताचा प्रश्न म्हणत नाही.

डिसेंबर २०२१: मास्क असूनही पडदा पडला

प्रकरणातला सर्वांत अवघड भाग हा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ओमायक्रॉन न्यूयॉर्कमध्ये शिरला तेव्हा ब्रॉडवेवर सगळं होतं. लस तपासली जात होती, मास्क लावला जात होता, बऱ्याच नाट्यगृहांत वातानुकूलन यंत्रणेला मर्व-१३ दर्जाच्या, म्हणजे हवेतले बारीक कणही अडवणाऱ्या, गाळण्या बसवल्या होत्या, नटांच्या आठवड्यातून अनेकदा चाचण्या होत होत्या. तरी नाताळच्या तोंडावर, वर्षातल्या सर्वाधिक कमाईच्या आठवड्यांत, ‘हॅमिल्टन’, ‘अलादीन’ आणि ‘द लायन किंग’ यांचे प्रयोग रद्द झाले. ‘जॅगेड लिटल पिल’ कायमचं बंद झालं. ‘वेट्रेस’ ठरल्याआधी आवरलं.

मग मास्क निरुपयोगी होता का? लंडनकडे पाहा. तिथे १९ जुलै २०२१ पासून नाट्यगृहांत मास्क फक्त ‘लावावा’ असा होता, आणि तो विरळ दिसत होता. १० डिसेंबरला तो सक्तीचा झाला आणि २७ जानेवारी २०२२ ला पुन्हा निघाला. वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यविभागातही डिसेंबरमध्ये प्रयोग धडाधड रद्द झाले. एका शहरात सक्ती महिनोन्‌महिने आधीपासून, दुसऱ्यात लाट आल्यावर, आणि दोन्हीकडे रंगमंच रिकामे. यावरून पक्कं सिद्ध होत नाही, पण अंदाज बांधता येतो: नटांना होणारी लागण प्रामुख्याने प्रेक्षकांकडून येत नसावी. ती रंगपटातून, मेकअपच्या खुर्चीवरून, कपडे बदलायच्या अरुंद खोल्यांतून, घरून आणि भुयारी रेल्वेतून येत असावी. एका प्रयोगाच्या मागे साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने काम करतात आणि त्यांतले नट एकमेकांच्या तोंडासमोर गातात.

तेव्हा प्रेक्षकांच्या मास्ककडून ‘प्रयोग रद्द होणार नाहीत’ ही अपेक्षा ठेवणं चूक आहे. ज्यांनी तो नियम विकताना तसं सांगितलं त्यांनी त्याचं नुकसान केलं, कारण पहिला प्रयोग रद्द झाला त्या दिवशी लोक म्हणाले, मग कशाला लावायचा? मास्कचं काम सभागृहातल्या हवेपुरतं आहे: प्रेक्षक ते प्रेक्षक, प्रेक्षक ते कर्मचारी, आणि पुढच्या रांगा ते रंगमंच. तेवढं काम तो करतो. पडद्यामागच्या हवेसाठी वेगळी हत्यारं लागतात.

लागण झाल्यावरही प्रयोग चालू ठेवण्याचं एक हत्यार ब्रॉडवेकडे होतं आणि त्याने डिसेंबरमधले काही प्रयोग वाचवले. प्रत्येक संगीतिकेत ‘स्विंग’ नावाचे, ऐनवेळी बदली उभे राहणारे कलाकार असतात. एकेकाला सात-आठ भूमिका पाठ असतात. २३ डिसेंबरला ‘द म्युझिक मॅन’मध्ये सटन फॉस्टर बाधित निघाल्यावर कॅथी वॉयटको यांना त्याच दिवशी दुपारी कळलं की आज नायिका तुम्ही, आणि रात्री त्या उभ्या राहिल्या. २८ तारखेला नायक ह्यू जॅकमनच बाधित निघाले तेव्हा मात्र प्रयोग थांबवावे लागले. ज्याच्या नावावर तिकीट विकलं जातं त्याला बदली नसते. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही ओळ महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

दारात आणि रांगेत काय बिघडतं

मास्कचा नियम कागदावर एका ओळीचा असतो. राबवताना तो चार ठिकाणी गळतो.

पहिली गळती नाकापाशी. मास्क हनुवटीवर किंवा नाकाखाली घसरतो. दिवे विझले की घसरतो आणि पुन्हा वर जात नाही. ब्रॉडवेवर यावर उपाय म्हणून कर्मचारी ‘मास्क नाकावर घ्या’ अशा पाट्या हातात धरून प्रयोगाआधी आणि मध्यंतरात रांगांमधून फिरत. पाटी हा उत्तम उपाय आहे. पाटी बोलत नाही, वाद घालत नाही, कोणाकडे बोट दाखवत नाही, आणि शेजारी बसलेले लोकही ती वाचतात.

दुसरी गळती पेल्यापाशी. बार उघडा ठेवला आणि पेला आसनापर्यंत नेऊ दिला की ‘पीत असताना मास्क काढता येतो’ या सवलतीचा अर्थ ‘पेला हातात असेपर्यंत’ असा होतो, आणि एक पेला पहिल्या अंकभर पुरतो. मालक पेयविक्रीतून पैसे कमावतो आणि त्याच वेळी कर्मचाऱ्याला मास्क लावायला सांगायला पाठवतो. प्रेक्षकाला ही विसंगती लगेच दिसते. लाटेत सभागृहाच्या आत खाणं-पिणं पूर्ण बंद, पाण्याचा घोट सोडून, एवढं स्पष्ट असायला हवं.

तिसरी गळती माणसाची. हटून बसलेल्या प्रेक्षकाशी बोलायचं कोणी? मे २०२२ मध्ये ‘कंपनी’ या संगीतिकेच्या प्रयोगानंतरच्या प्रश्नोत्तरांत हे उघड्यावर आलं. समोरच्या एका प्रेक्षकाचा मास्क नाकाखाली होता. अभिनेत्री पॅटी लुपोन यांनी रंगमंचावरूनच त्यांना मास्क नीट लावा, नाहीतर बाहेर जा, असं सुनावलं. तुमचा पगार आम्ही देतो, असं उत्तर आलं. चित्रफीत सगळीकडे पसरली आणि लोकांनी बाजू घेतल्या. आम्हाला त्या प्रसंगात नटीचा राग समजतो, पण बोच आहे ती वेगळ्या गोष्टीची: आठवड्याला आठ वेळा उघड्या तोंडाने उभं राहणाऱ्या व्यक्तीवर नियम राबवायची पाळी आली, म्हणजे व्यवस्थापनाची साखळी कुठेतरी आधीच तुटली होती.

साखळी अशी हवी. कर्मचाऱ्याने एकदा, शांतपणे, नवा मास्क हातात देऊन सांगायचं. दुसऱ्यांदा त्याने बोलायचं नाही, रांगेचा आणि आसनाचा क्रमांक सभागृह व्यवस्थापकाला कळवायचा. व्यवस्थापकाने येऊन दोन पर्याय द्यायचे: मास्क, किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत. पैसे परत देण्याचा अधिकार त्याच्या हातात त्याच क्षणी असला पाहिजे. हा अधिकार नसेल तर तो वाद घालतो, आणि अंधारात घातलेला वाद तीनशे लोकांचं नाटक बिघडवतो.

चौथी गळती तपासणी संपल्यावरची. ३० एप्रिल २०२२ नंतर बहुतेक नाट्यगृहांनी लसपत्र पाहणं थांबवलं आणि मास्क तेवढा ठेवला. वरवर पाहता काम हलकं झालं. प्रत्यक्षात जड झालं. दारात लसपत्र दाखवायला थांबलेल्या माणसाचा चेहरा तिथेच पाहिला जात होता आणि मास्क तिथेच दिला जात होता. ती थांबायची जागा गेल्यावर मास्कची सगळी तपासणी आत, रांगांमध्ये ढकलली गेली.

ज्यांना खरंच अडचण आहे त्यांची सोय नियमातच लिहावी लागते. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये. ओठ वाचून समजून घेणाऱ्या प्रेक्षकाशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याकडे पारदर्शक पट्टीचा मास्क हवा. चष्म्यावर वाफ धरते ही तक्रार किरकोळ वाटते, पण मास्क नाकाखाली येण्याचं ते एक मोठं कारण आहे. नाकाची तार दाबून चष्मा मास्कच्या वरच्या कडेवर टेकवला की बहुधा सुटते, आणि हे दाराशी लावलेल्या चित्रात दाखवता येतं. नटांचीही एक तक्रार ऐकायला हवी: मास्कआडून हसू दबकं ऐकू येतं. सर्जिकल मास्क वरच्या स्वरांतला आवाज तीन-चार डेसिबलने कमी करतो, एन-९५ बारापर्यंत. विनोदी नाटकात लयीवर याचा परिणाम होतो. ही किंमत खरी आहे, आणि ती लाटेपुरतीच मागावी याचं आणखी एक कारण.

एप्रिल ते जुलै २०२२: तारखेची चूक

वसंतात दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये ‘मॅकबेथ’मधले डॅनियल क्रेग आणि ‘प्लाझा स्वीट’मधले मॅथ्यू ब्रॉडरिक व सारा जेसिका पार्कर बाधित निघाले आणि त्यांचे प्रयोग थांबले. १७ मे रोजी न्यूयॉर्क शहराने आपली सूचनापातळी ‘उच्च’ केली आणि बंद जागेत मास्क लावण्याचा सल्ला दिला, सक्ती केली नाही. ब्रॉडवेवर सक्ती चालूच होती. तिची मुदत ३१ मे होती, ती ३० जूनपर्यंत वाढवली. इथपर्यंत निर्णय बरोबर.

चूक पुढे झाली. २१ जूनला जाहीर झालं की जुलैपासून मास्क ऐच्छिक, पुढचा विचार महिन्याच्या महिन्याला. त्या घडीला वसंतातली लाट ओसरत होती आणि बीए.५ चढत होता. मुदत महिनाअखेरीची असल्यामुळे निर्णयही महिनाअखेरीचा झाला. विषाणू महिना पाळत नाही.

एका नाट्यगृहाने मात्र वेगळं केलं, आणि संपूर्ण प्रकरणात आम्हाला सर्वांत शिकण्यासारखं तेच वाटतं. ‘सर्कल इन द स्क्वेअर’ इथे ‘अमेरिकन बफेलो’चे प्रयोग चालू होते. तिथे प्रेक्षक रंगमंचाच्या सभोवती बसतात, पुढची रांग नटापासून हाताच्या अंतरावर. १० जुलैला प्रयोग संपेपर्यंत तिथे मास्क सक्तीचा राहिला, आणि कारण म्हणून नट-प्रेक्षकांमधलं अंतरच दिलं गेलं. सगळ्या नाट्यगृहांना एक नियम लावण्यापेक्षा हा विचार जास्त खरा आहे. खोल रंगमंच, समोर वाद्यवृंदाचा खड्डा आणि उंच छत असलेल्या सभागृहाची हवा वेगळी, आणि तळघरातल्या दीडशे आसनांच्या प्रायोगिक जागेची वेगळी. दुसऱ्या जागेत मास्क आधी लागला पाहिजे आणि उशिरा निघाला पाहिजे.

पुढच्या काळात न्यूयॉर्कमधल्या काही लहान संस्थांनी ठरावीक प्रयोग मास्कसक्तीचे ठेवले, बाकीचे मोकळे. कर्करोगावर उपचार घेणारे, प्रत्यारोपण झालेले प्रेक्षक अशा प्रयोगांना येऊ शकतात. लाट नसताना हा तोडगा चांगला आहे. लाटेत तो पुरत नाही, कारण नट तोच असतो.

मग नियम कसा लिहावा

चालू-बंद करायच्या खुणा आधी ठरवाव्यात आणि तिकिटावर छापाव्यात. आम्ही अशा लिहू: शहरातल्या सांडपाण्यातलं विषाणूचं प्रमाण सलग दोन आठवडे वाढलं, किंवा आपल्याच चमूतले तीन जण एका आठवड्यात बाधित निघाले, की ४८ तासांत मास्क सक्तीचा. सांडपाण्याचा आकडा सलग तीन आठवडे उतरला की ऐच्छिक. चढताना घाई आणि उतरताना धीर, असा मुद्दाम कललेला नियम. तिकीट आधी घेतलेल्याला नियम बदलल्यावर तारीख बदलून किंवा पैसे परत घेता यावेत, प्रयोगाच्या २४ तास आधीपर्यंत.

साठा: हजार आसनांमागे प्रत्येक प्रयोगाला २५० मास्क दारात ठेवावेत. त्यांतले शंभर तरी एन-९५ किंवा तत्सम, कारण कापडी मास्क लावून आलेल्याला चांगला मास्क दिला तर तो बहुधा घेतो. शंभर आसनांमागे एक कर्मचारी. उद्घोषणा एकदाच, आणि ती नाटकातल्या नटाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली: ‘आमच्या तोंडावर मास्क नाही, म्हणून तुमच्या तोंडावर हवा.’ कारण सांगणारी सूचना लोक आदेशापेक्षा जास्त पाळतात.

कार्बन डायऑक्साइडचा मापक बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत ठेवावा, तळमजल्यावर दारापाशी नव्हे. गरम हवा आणि माणसांची वाफ वर जाते, आणि बाल्कनीत छत डोक्याला लागेल इतकं जवळ असतं. मध्यंतराच्या आधी आकडा १००० च्या वर गेला तर मास्क लावूनही ती जागा लाटेत धोक्याची आहे, यंत्रणेकडे पाहावं लागेल.

इथल्या नाट्यगृहाला लावून पाहताना

महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर २०२० ला आणि पुन्हा २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं उघडली ती निम्म्या आसनांवर. जानेवारी २०२२ च्या लाटेतही निम्मी आसनं हाच मुख्य उपाय होता. मास्कची सक्ती गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला, राज्यभर उठली. ब्रॉडवेने बरोबर उलट केलं: आसनं सगळी विकली आणि मास्क ठेवला.

वरचा हिशेब इथे लावून पाहा. निम्मी आसनं म्हणजे वीस बाधितांचे दहा. निम्मेच कण अडवणारा साधा मास्क म्हणजेही वीसचे दहा. रंगमंचावरच्या नटासाठी दोन्ही उपाय सारखे, आणि प्रेक्षकाला मास्कमध्ये आणखी निम्मा फायदा. किंमत मात्र अजिबात सारखी नाही. साध्या मास्कला काही रुपये लागतात. रिकामी खुर्ची निर्मात्याला तिकिटाच्या पूर्ण दराला पडते, आणि मराठी व्यावसायिक नाटक निम्म्या बुकिंगवर नाट्यगृहाचं भाडं, नाईट (कलाकारांचं प्रयोगामागचं मानधन) आणि नेपथ्य वाहून नेणारा टेम्पो यांतून वर येत नाही. जर्मनीत डॉर्टमुंडच्या कॉन्सर्टहाउसमध्ये श्वास सोडणाऱ्या पुतळ्यावर झालेल्या अभ्यासाने हेच दाखवलं होतं की मास्क आणि चांगलं वायुवीजन असेल तर आसनांमधून होणारा प्रसार फार थोडा राहतो. त्यांनी तरीही निम्म्या आसनांची शिफारस केली ती येण्या-जाण्याच्या वाटांवरच्या गर्दीमुळे. वाटांवरच्या गर्दीला दुसरे उपायही आहेत: दारं पाऊण तास आधी उघडणं, रांगेनुसार बाहेर सोडणं.

आमच्याकडे ‘स्विंग’ नाहीत. नाटक दोन-तीन नावांवर उभं असतं. नायकाला ताप आला की शनिवार-रविवारचे प्रयोग आणि पुढचा दौरा, सगळंच जातं. म्हणून नटाभोवतीची हवा राखण्याचं मोल इथे ब्रॉडवेपेक्षा अधिक आहे. आणि प्रयोगानंतर रंगपटात भेटायला येणाऱ्यांची गर्दी, शाल-श्रीफळ, खांद्यावर हात टाकून काढलेले फोटो, हे लाटेत पूर्ण बंद ठेवावं लागेल. सभागृहात अडीच तास लावलेला मास्क त्या दहा मिनिटांत वाया जातो.

नियम कोणाचा, हे आधी ठरवायला हवं. ब्रॉडवेवर नाट्यगृहाच्या मालकांनी आणि निर्मात्यांनी मिळून ठरवलं. इथे नाट्यगृह बहुधा महापालिकेचं, सत्र, म्हणजे एका प्रयोगापुरती वेळ, निर्मात्याने भाड्याने घेतलेलं, डोअरकीपर कंत्राटदाराचा. दुपारच्या प्रयोगाला मास्क आणि रात्रीच्या दुसऱ्या संस्थेच्या प्रयोगाला नाही, असं झालं तर डोअरकीपर कोणाचंच ऐकणार नाही. अट सत्राच्या भाडेपत्रात हवी, म्हणजे ती सगळ्यांना सारखी लागेल. सांडपाण्याचा आकडा मिळवणंही अशक्य नाही, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तसं काम केलेलं आहे.

राहिला मध्यंतरातला बटाटावडा. उपाहारगृह बंद करायची गरज नाही, ते बाहेर हलवायची आहे. मध्यंतर दहाऐवजी वीस मिनिटांचं करावं, वडा आणि चहा आवारात, उघड्यावर द्यावा, आणि तेवढ्या वेळात प्रेक्षागृहाची सगळी दारं सताड उघडी ठेवून पंखे पूर्ण वेगाने चालवावेत. तिसरी घंटा झाली की दारं बंद, आणि त्या दारात पाटी घेऊन उभा असलेला एक माणूस.